रक्तगट एकच, तरी माझी किडनी बायकोला ‘नाही’ – टिशू टायपिंगचा हा रिपोर्ट कोणी समजावून सांगेल का?

पऱ्हाटीवाला – सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी शेतीच्या धाग्यांवर असतो, बोंडअळीवर भांडतो. आज वेगळ्या कामानं आलोय.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट आणि गावोगावी किडनीचे पेशंट. दोष पाण्याचा की आणखी कशाचा, यावर आमच्या पारावर रोज वाद होतो. तो इथं नको. माझ्या घरचीला (वय ४१) चौदा महिन्यांपासून डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून दोनदा अकोला. सकाळी सहाची एसटी पकडायची, रात्री घरी. दोन एकर पऱ्हाटी तणात गेली ती वेगळीच.

किडनी मी देतो म्हटलं. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह, तिचाही बी पॉझिटिव्ह. शुगर नाही, बीपी नाही, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. शेगावहून पहाटेची विदर्भ एक्सप्रेस धरून दोघं नागपूरला गेलो. दोघांचं रक्त काढलं, सहा-सात नळ्या. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. त्यावर दोन गोष्टी आहेत:

एचएलए: ६ पैकी १ जुळतं.
सीडीसी क्रॉसमॅच: टी सेल पॉझिटिव्ह. खाली बारीक अक्षरात ‘डीटीटीनंतरही पॉझिटिव्ह’.

डॉक्टर म्हणाले, “तुमची चालणार नाही, दुसरा डोनर बघा.” बाहेर चाळीस पेशंट बसलेले, त्यांना तरी वेळ कुठून असणार. गावात आलो तर आमचे एक काका म्हणाले, नवरा-बायकोचं रक्ताचं नातंच नसते, कसं जुळन? लग्नात ३६ पैकी २८ गुण जुळले होते हो आमचे. इथं ६ पैकी १.

माझा प्रश्न एवढाच. रक्तगट जुळल्यावर आणखी काय जुळवायचं राहते? आणि ६ पैकी १ च्या जागी ६ पैकी ३ असतं तर चाललं असतं का?

---

वऱ्हाडी_ठेचा – सोमवार, रात्री १०:४०

राजेहो, वाचून जीव कसानुसा झाला. मले यातलं काई समजत नाई, पण धागा वर राहावा म्हून लिहून रायलो. वहिनीले सांगा, धीर सोडू नका म्हना.

---

मोहाचं_झाड – सोमवार, रात्री ११:०५

दादा, मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण आमच्या एका विद्यार्थ्यासाठी या एचएलएच्या फेऱ्या मारल्यात (ती गोष्ट पुढे कधीतरी). तुम्हाला दोन प्रश्न: वहिनींना आजवर रक्त किती वेळा चढवलं? आणि बाळंतपणं किती?

---

पऱ्हाटीवाला – सोमवार, रात्री ११:२०

बाळंतपणं तीन. शेवटच्या वेळी अंगावरून खूप गेलं, तेव्हा दोन बाटल्या रक्त दिलं होतं. मागल्या दिवाळीत हिमोग्लोबिन ५ वर आलं, तेव्हा आणखी तीन. पण त्याचा इथं काय संबंध?

---

स्पष्टवक्ता_०७ – मंगळवार, सकाळी ७:५०

संबंध काही नाही. सगळे हॉस्पिटलवाले पैसे काढतात. मोठ्या शहरात पैसे टाकले की सगळं जुळतं, डोनरही तेच आणून देतात.

---

सूक्ष्मदर्शी – मंगळवार, दुपारी १:३०

@स्पष्टवक्ता_०७, डोनर ‘आणून देणाऱ्यां’साठीच १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. पैशानं किडनी घेणं-देणं दोन्ही गुन्हा. असल्या सल्ल्यानं लोक जमिनी विकून बसलेले मी पाहिलेत. तुम्ही दुसऱ्या धाग्यावर जा.

@पऱ्हाटीवाला, मोहाचं झाड यांनी अगदी नेमकी जागा पकडली आहे. मी मूळचा आर्वीकडचा. अकरा वर्षं टिशू टायपिंगच्या, म्हणजे दाता आणि पेशंट यांची जुळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कुठल्या ते सांगत नाही, आणि तुमचा रिपोर्ट पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा. पण आमच्या टेबलावर काय होतं ते सांगतो.

सरकारनं आता गाई-बैलांच्या कानात पिवळे बिल्ले टोचलेत ना, आकडे असलेले? तसे बिल्ले आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतात. त्यांना एचएलए म्हणतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर दाटीनं बसलेली आहेत. रक्तगट मोजून चार, पण या बिल्ल्यांचे प्रकार हजारोंनी. किडनीसाठी मुख्यतः तीन जागा बघतात: ए, बी आणि डीआर. प्रत्येक जागी दोन बिल्ले, एक आईकडचा, एक बापाकडचा. म्हणून ६. तुमचा त्यातला १ जुळला, म्हणजे पाच बिल्ले तिच्या शरीराला परके.

आता नीट वाचा. तुमची किडनी त्या पाच परक्या बिल्ल्यांमुळे नाकारलेली नाही. आजची औषधं इतकी चांगली आहेत की ६ पैकी ० जुळलेल्या किडन्याही वर्षानुवर्षं चालतात. नवरा-बायकोचंच घ्या. टेरासाकी नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटानं १९९५ साली अमेरिकेतले आकडे छापले. जोडीदारानं दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी चालू होत्या, मृत दात्यांच्या ७० टक्के. आणि जोडीदारांचं जुळणं त्या मृत दात्यांपेक्षाही कमी होतं! तेव्हा तुमच्या काकांना सांगा, रक्ताचं नातं नसूनही चालतं.

तुमचं अडलंय दुसऱ्या ओळीत. क्रॉसमॅच.

शरीराचे राखणदार परका बिल्ला पहिल्यांदा बघतात तेव्हा थोडे गोंधळलेले असतात, औषधांनी त्यांना थोपवता येतं. पण तो बिल्ला त्यांनी आधी कधी पाहिला असेल, तर त्याच्याविरुद्धची हत्यारं, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात तयारच फिरत असतात. आधी कुठे पाहिला असेल? तीन ठिकाणी: आधीचं प्रत्यारोपण, चढवलेलं रक्त, आणि बाळंतपण. पोटातल्या बाळाचे अर्धे बिल्ले बापाचे असतात. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर ते बिल्ले टिपून ठेवतं. म्हणजे वहिनींच्या शरीरानं तुम्हाला तीनदा ओळखून ठेवलंय, आणि वर पाच बाटल्या रक्तातून आणखी अनोळखी लोकांना. सगळ्याच बायकांच्यात अशा अँटिबॉडी होतात असं नाही. पण ज्यांच्यात होतात, त्यांच्या बाबतीत नवऱ्याचीच किडनी सगळ्यात अवघड ठरू शकते.

ते आम्ही तपासतो कसं? तुमच्या रक्तातून लिम्फोसाइट नावाच्या जिवंत पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतो (‘टी सेल’ आणि ‘बी सेल’ हे त्यांचेच दोन प्रकार). बारीक बारीक खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये थेंबाचाही अंश टाकतो. त्यावर वहिनींचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग. थोडा वेळ ठेवून सशाचं कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी प्रथिनं) घालायचं, हो, सशाच्याच रक्तातलं. वहिनींच्या रक्तात तुमच्या विरुद्धची हत्यारं असतील, तर ती तुमच्या पेशींना चिकटतात आणि कॉम्प्लिमेंट त्या पेशींना भोकं पाडतं. मग रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आमच्याकडच्या रंगात जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या नारिंगी. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त नारिंगी दिसल्या की पॉझिटिव्ह. तुमच्या रिपोर्टातली ‘सीडीसी क्रॉसमॅच’ ती हीच. आजारात ‘निगेटिव्ह’ ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडतो तसाच इथेही. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट.

डीटीटी ही एक रसायनाची चाळणी आहे. काही अँटिबॉडी निरुपद्रवी प्रकारच्या असून उगाच पॉझिटिव्ह दाखवतात, त्या डीटीटीनं मोडतात. तुमच्या रिपोर्टात ती लावूनही पॉझिटिव्ह आहे, म्हणजे खऱ्याच आहेत.

हे न बघता किडनी बसवली तर काय होतं, ते १९६९ साली पटेल आणि टेरासाकी यांनी छापलं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असतानाही केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी ८. टाके घालेपर्यंत गुलाबी किडनी टेबलावरच काळी-निळी पडते. तुमच्या डॉक्टरांनी ‘नाही’ म्हणून तुमची एक किडनी वाचवली, आणि वहिनींनाही वाचवलं.

---

वऱ्हाडी_ठेचा – मंगळवार, दुपारी २:१५

बाप्पा! म्हंजे बायकोनं नवऱ्याले वळखलं म्हून किडनी नाई चालत? हे त आमच्या घरी बी खरं हाय 😄

मस्करी जाऊ द्या. सर, मले सांगा, सख्ख्या भावाचं कितीक जुळते? आमी पाच भाऊ हाओत.

---

सूक्ष्मदर्शी – मंगळवार, दुपारी ३:०५

बिल्ले सुटे येत नाहीत, गठ्ठ्यानं येतात. आईचे दोन गठ्ठे, बापाचे दोन, मुलाला प्रत्येकाकडून एकेक. म्हणून आई-बाप आणि मूल नेहमी निम्मे जुळतात, निदान ६ पैकी ३. भावा-बहिणींत नाणं दोनदा उडवल्यासारखं: चारात एकदा पूर्ण जुळतं, चारात दोनदा निम्मं, चारात एकदा एकही गठ्ठा सारखा नाही. पाच भाऊ म्हणजे तुमच्याकडे चार संभाव्य दाते. भाग्यवान आहात, गरज पडू नये एवढंच.

अवांतर: कधीकधी बाप आणि मूल निम्मंही जुळत नाही. आम्ही आधी नळीवरचं नाव तपासतो, चाचणी परत करतो. तरी तेच आलं तर रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या हातात आणि आमचं तोंड बंद. त्या कागदानं घर मोडू शकतं. अकरा वर्षांत असे प्रसंग मोजकेच, पण त्या प्रत्येक वेळी जेवण गेलं नाही.

---

पेठेतला – मंगळवार, दुपारी ४:४०

उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. थोडी भर: पहिली यशस्वी किडनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये बसवली ती जुळ्या भावांत. सगळे बिल्ले सारखेच, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही. हा ‘बिल्ला’ पहिल्यांदा सापडला तो १९५८ साली, फ्रान्सच्या झाँ दोसे यांना, आणि सापडला कुठे, तर अनेकदा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरममध्ये! १९८० चं नोबेल त्यांना मिळालं, बेनासेराफ आणि स्नेल यांच्यासोबत. म्हणजे जी गोष्ट आज वहिनींना नडते आहे तिच्यामुळेच हे शास्त्र उभं राहिलं.

---

वऱ्हाडी_ठेचा – मंगळवार, दुपारी ४:५५

पुनेकर आले, आता सनावळी सुरू 🙏

---

सिस्टरताई – मंगळवार, रात्री ९:३०

मी यवतमाळ जिल्ह्यात डायलिसिसवर ड्यूटी करते. सूक्ष्मदर्शी सरांचं सगळं बरोबर, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. एसी प्रयोगशाळेत बसून ‘रक्त चढवू नका’ म्हणणं सोपं आहे. पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा हिमोग्लोबिन साडेचार, पायावर सूज, धाप. त्याला एचएलए सांगू का रक्त लावू? एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे रक्त वाढवणारं इंजेक्शन नियमित मिळालं तर रक्ताची वेळ फार कमी येते, हे आम्हालाही कळतं. पण इंजेक्शनचा साठा संपतो. पेशंट दोन डायलिसिस चुकवतो, कारण सोयाबीन काढायचं असतं.

---

सूक्ष्मदर्शी – मंगळवार, रात्री १०:१०

‘चढवू नका’ असं मी कुठे म्हटलं? पण तुमचा राग रास्त आहे. मलाही तो राग दुसऱ्या टोकाकडून येतो. तिशीतली बाई येते, क्रॉसमॅच एकामागून एक चार नातेवाइकांशी पॉझिटिव्ह. विचारलं तर तीन वर्षांत अकरा बाटल्या. त्यातल्या निम्म्या ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणून. जीव जात असेल तर रक्त द्यायचंच, प्रश्नच नाही. ज्याचं प्रत्यारोपण व्हायचंय त्याला शक्य असेल तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. धोका शून्य होत नाही, कमी होतो.

---

सिस्टरताई – मंगळवार, रात्री १०:२२

ते फिल्टर आमच्या जवळच्या रक्तपेढीत असेल तर मी तुम्हाला पुरणपोळी पाठवते. पण ठीक आहे, तुमचं-माझं भांडण नाही. पेशंटच्या नातेवाइकांनो, निदान एवढं करा: किती बाटल्या, कोणत्या तारखेला, हे एका वहीत लिहून ठेवा. पऱ्हाटीवाला भाऊंना आठवलं, बहुतेकांना आठवत नाही.

---

लालपरी_प्रवासी – बुधवार, सकाळी ११:००

सॅम्पलवरून आमची कथा. चुलतभावाचं प्रत्यारोपण, डोनर त्याची आई. गावाहून नागपूरला परत परत जाणं परवडत नव्हतं, म्हणून एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) रक्त काढून त्यांनीच पाठवायचं ठरलं. त्यांनी काकूंच्या नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या, वर शनिवार-रविवार मध्ये आला. सोमवारी उत्तर: ‘सॅम्पल नापास, पेशी मेलेल्या.’ पुन्हा रक्त, पुन्हा भाडं, पंधरा दिवस गेले. काकू म्हणत होत्या, माह्याच रक्तात काई खोट हाय का? तीन रात्री झोपल्या नाहीत बिचाऱ्या.

---

सूक्ष्मदर्शी – बुधवार, दुपारी १:१५

असं होतं, आणि दर महिन्याला होतं. लसीची सवय असल्यामुळे लोकांना वाटतं, थंड ठेवलं की चांगलं. क्रॉसमॅचला डोनरच्या पेशी जिवंत लागतात. हिरव्या बुचाच्या, हेपॅरिनच्या नळीतलं डोनरचं रक्त साध्या खोलीच्या तापमानाला हवं. बर्फ नको आणि मे महिन्यात एसटीच्या बॉनेटवरही नको. शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचलं पाहिजे. एचएलए टायपिंगला जांभळ्या बुचाची नळी, त्यात डीएनए काढायचा असतो, तिला एवढे नखरे नाहीत. पेशंटचं सीरम लाल बुचाच्या नळीतून.

शुक्रवारी दुपारनंतर कधीच रक्त पाठवू नका. आणि नळीवर नाव तिथंच, पेशंटसमोर लिहून घ्या. आई-मुलाच्या नळ्यांची अदलाबदल झाली तर आम्हाला रिपोर्टात ते कळेलच असं नाही. काकूंना सांगा, रक्तात खोट नव्हती, डब्यात होती.

---

मोहाचं_झाड – बुधवार, रात्री ८:४५

माझी राहिलेली गोष्ट. गडचिरोलीकडे सिकलसेलची (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलं प्रत्येक शाळेत भेटतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाला महिन्या-दीड महिन्यानं दुखणं उठायचं, रडून रडून पोरगं दमायचं. बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, बदलला तर आजार जाऊ शकतो असं कळलं आणि तिथं हेच एचएलए. फरक एवढा की किडनीत ६ पैकी १ चाललं असतं, इथं शक्यतो भावा-बहिणीशी पूर्ण जुळणी हवी असते. कारण किडनीत शरीर परक्या अवयवावर हल्ला करतं, बोनमॅरोत उलटं, नवा आलेला मगजच पेशंटच्या शरीरावर उठतो.

तीन भावंडांचं रक्त दिलं. लहान बहीण पूर्ण जुळली, ती स्वतः सिकलसेलची वाहक आहे, आजारी नाही. वाहक दाता म्हणून चालतो हे मला तेव्हा कळलं. पुढे घरचे घाबरले, प्रत्यारोपण झालं नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर पोरगं आता बरंच बरं आहे, दहावीला बसतंय. चंद्रपूरला आयसीएमआरचं (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) या आजारांसाठीचं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालंय, सिकलसेलवाल्यांनी तिथं चौकशी करावी.

---

पऱ्हाटीवाला – गुरुवार, सकाळी ६:३० (एसटीत बसून)

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा प्रतिसाद घरचीला वाचून दाखवला. ती म्हणे, “म्हणजे तुमाले घरात घ्यायले माह्या अंगानंच नाही म्हटलं.” चौदा महिन्यांत पहिल्यांदा एवढी हसली.

दोन प्रश्न. मोठा मुलगा २० वर्षांचा आहे, तो मी देतो म्हणून मागं लागलाय. आमचा दोघांचा जीव होत नाही, पण विचारून ठेवतो. आणि सरकारी यादीत नाव टाकलं तर कधी नंबर लागतो?

---

सूक्ष्मदर्शी – गुरुवार, दुपारी १२:५०

मुलात निम्मे बिल्ले तुमचे. वहिनींच्या अँटिबॉडी तुमच्या ज्या गठ्ठ्यावर उठल्यात तोच त्याला मिळाला असेल, तर त्याचीही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येईल. दुसरा गठ्ठा मिळाला असेल तर कदाचित नाही. डॉक्टरांना ‘सिंगल अँटिजेन बीड’ चाचणी लिहून देता येईल का विचारा. त्यात एकेक बिल्ला लावलेले बारीक मणी असतात. कोणत्या मण्यावर वहिनींचं सीरम चिकटतं ते यंत्र मोजतं, म्हणजे शत्रू नक्की कोण ते नावानिशी कळतं. महाग आहे, पण मग प्रत्येक नातेवाइकाला नागपूरला न्यायला नको. आधी टायपिंग बघून निम्मे गाळता येतात.

यादीचं काम विदर्भासाठी नागपूरची झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) बघते, नोंदणी तुमच्या प्रत्यारोपण केंद्रामार्फत होते. कधी नंबर लागेल ते कोणी सांगू शकत नाही. रक्तगट आणि प्रतीक्षेचा काळ यांसारख्या गोष्टींवरून क्रम ठरतो, पण शेवटचं दार पुन्हा क्रॉसमॅचचंच.

ती रात्र कशी असते सांगतो, कारण पेशंटला ती कधीच दिसत नाही. कुठल्यातरी आयसीयूत ब्रेनडेड पेशंटच्या नातेवाइकांनी होकार दिलेला असतो. रात्री अकराला फोन येतो. दात्याचं रक्त घेऊन माणूस येईपर्यंत आम्ही यादीतल्या वरच्या चार-पाच जणांचं साठवलेलं सीरम फ्रीझरमधून काढतो. तिकडे त्या चार-पाच जणांना फोन गेलेले असतात, कोणी पुसदहून निघालाय, कोणी गोंदियाहून, गाडी ठरवून, उपाशीपोटी. आम्हाला पाच-सहा तास लागतात. पहाटे चारला डोळे चुरचुरत असताना ट्रे बघायचा. एकाचं हिरवं, एकाचं नारिंगी. नारिंगीवाला तोवर हॉस्पिटलच्या पायरीवर येऊन बसलेला असतो. मागे अशा एकाला तिसऱ्यांदा परत जावं लागलं. सकाळी बाहेर चहा पिताना तो शेजारीच उभा होता. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं, मी सांगितलंही नाही. चहाचे पैसे दिले आणि निघालो.

यादीत असाल तर मध्ये रक्त चढवलं की केंद्राला लगेच कळवा. जुन्या सीरमवर निगेटिव्ह आणि नव्या रक्तामुळे आज पॉझिटिव्ह, हा घोळ जिवावर बेततो.

---

कारकून_निवृत्त – गुरुवार, रात्री ९:००

अदलाबदलीचाही मार्ग आहे. तुमची किडनी दुसऱ्या कुटुंबातल्या पेशंटला, त्यांच्या जवळच्या नातेवाइकाची वहिनींना. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात बसतं. आजी-आजोबा आणि नातवंडंही तेव्हापासूनच ‘जवळच्या नातेवाइकां’त आली. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आहे. शिधापत्रिका आणि आधारवरची नावं अक्षरशः सारखी आहेत का ते आजच तपासा. ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘द्यानेश्वर’वर फाइल अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. (अडकवणारा मीच होतो, आता वाईट वाटतं.)

---

पऱ्हाटीवाला – सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, खबर द्यायची होती.

ते मण्यांचं टेस्ट केलं. एक गाय विकली त्यात. निघालं असं की तिच्या अँटिबॉडी माझ्या दोन बिल्ल्यांवर आहेत, आणि ते दोन्ही एकाच गठ्ठ्यातले. मोठ्या मुलात तोच गठ्ठा आला. त्याला सांगितलं तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसला. मला मात्र आतून सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

मग माझी आकडसासू पुढे आली. (पेठेतल्यांसाठी: बायकोची मोठी बहीण.) वय ४७, मूर्तिजापूरकडे दिली आहे, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. टायपिंग आलं, तर ६ पैकी ०. सख्खी बहीण आणि शून्य! आम्ही तिथंच खाली बसलो. डॉक्टर म्हणाले थांबा, क्रॉसमॅच येऊ द्या. ती आली निगेटिव्ह. टी सेल, बी सेल दोन्ही. मण्यांच्या यादीतला एकही शत्रू तिच्यात नाही. डॉक्टर म्हणाले ही किडनी बसवू, औषधं जन्मभर नीट घ्यायची, चुकवायची नाहीत.

माझा १ जुळत होता तरी नाही, तिचा शून्य तरी हो. काकांना हे समजावता समजावता त्यांच्या दोन विड्या संपल्या. त्यांचं म्हणणं, कंपुटर बिघडला.

साडभाऊ आधी तयार नव्हता. त्याच्या तोंडावर पहिला प्रश्न, “कापूस कोन वेचन?” मला राग आला, मग माझ्याच दोन एकरांचं आठवलं आणि गप्प झालो. आता तयार आहे, प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर बयाणही झालं. शस्त्रक्रियेआधी क्रॉसमॅच पुन्हा करणार म्हणतात, ताज्या रक्तावर. तोवर हिला रक्त चढवायची वेळ येऊ नये म्हणून इंजेक्शन नियमित घेतोय. सिस्टरताई, वही केली आहे.

---

सूक्ष्मदर्शी – रविवार, रात्री ९:५०

चारात एकदा शून्य येतंच, त्यात तुमची आकडसासू सापडली. आणि ओ गटाचं बी गटाला चालतं. त्या शेवटच्या क्रॉसमॅचला हिरव्या बुचाची नळी कोणी बर्फात घालत नाही ना ते उभं राहून बघा.

---

वऱ्हाडी_ठेचा – रविवार, रात्री १०:०५

जमलं राजेहो! गाईचं वाईट वाटलं. आमच्याकडं एक कालवड हाय, तुमाले लागन त सांगा, पैशाचं मागून पाहू.

---

पऱ्हाटीवाला – रविवार, रात्री १०:२०

भाऊ, डोळ्यात पाणी आणलं तुम्ही. फोन करतो.

सिस्टरताई, एक विचारायचं राहिलं. आकडसासूला किडनी दिल्यावर जड उचलायचं नाही म्हणतात. तिचा प्रश्न आहे, कापसाचं वीस किलोचं गाठोडं डोक्यावर घेतलं तर ते जडात धरायचं का?

---

सिस्टरताई – रविवार, रात्री १०:३१

धरायचं! निदान दोन महिने तिनं तांब्याभर पाण्याहून जास्त उचलायचं नाही, आणि पुढचं डॉक्टरांना विचारूनच. वेचणी साडभाऊंना शिकवा.